मागे कोण राहिले?

शास्त्रवाचन : उत्पत्ती ३३:१-१७, लूक २:४१-५२



सुटी लागली की आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुले-मुली स्काउट-गाइडच्या शिबिरांना जातात. पाठीवर पिशवी, गळ्यात स्कार्फ व शिटी, हातात काठी. स्टेशनवर किंवा बस स्टँडवर आईबाप त्यांना निरोप देतात, तेव्हा इतर सूचना कितीही असोत, शेवटची सूचना ठरलेली असते : "एकटा मागे राहू नकोस, सगळ्यांबरोबर राहा." ही सूचना आपण मुलाला देतो. वास्तविक ती त्याच्याबरोबर चालणाऱ्यांना द्यावयास हवी. कारण मागे राहणारा सहसा आपल्या खुशीने मागे राहत नाही. पुढचे निघून जातात म्हणून तो मागे राहतो.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. डोंगरातील एका सहलीत माझ्याच हातून जी चूक घडली तिने ती मला शिकवली. ती चूक आधी तुमच्यापुढे मांडतो आणि मग आपण शास्त्रभागाकडे वळू.

काही वर्षांपूर्वी मी इंदूरमध्ये शिक्षक होतो आणि शाळेच्या स्काउट पथकाचे काम माझ्याकडे होते. पथकातील बरीच मुले आपल्याच मंडळीतील होती. नाताळनंतरच्या आठवड्यात आम्ही चोवीस मुलांना घेऊन पचमढीला गेलो. पिपरियाला गाडीतून उतरावयाचे आणि तेथून बसने घाट चढावयाचा. भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीतच आहे. त्यामुळे स्काउटच्या मुलांना त्या गावाचे मोठे आकर्षण असते. गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडे अधिक उंच आहे. जवळचे धूपगड हे सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर, सुमारे १३५० मीटर. तेथपर्यंत मोटारीचा रस्ता आहे. परंतु आम्ही वनखात्याची परवानगी काढली, एक वाटाड्या बरोबर घेतला आणि जंगलातील पायवाटेने चढून जाण्याचे ठरवले. सालाचे उंच वृक्ष, खोल दऱ्या, थंड ओढे. आणि अस्वल, बिबट्या, गवा या सर्वांचे ते घर.

वेळेचा हिशेब मी कागदावर मांडला होता. डोंगरात चालणारे लोक एक जुना नियम वापरतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये सांगितला : तीन मैलांस एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. नियम चांगला आहे. परंतु तो धडधाकट प्रौढ माणसाचा आहे. त्यात बारा वर्षांच्या मुलाचे पाय धरलेले नाहीत, त्याच्या पाठीवरचे ओझे धरलेले नाही, आणि त्याने पायांत कोणाचे बूट घातले आहेत हे तर मुळीच धरलेले नाही.

आठ-आठ मुलांचे तीन संघ होते. सर्वांत चपळ संघ मी पुढे ठेवला आणि मीही वाटाड्याबरोबर पुढेच राहिलो. माझे एक सहशिक्षक मध्ये होते. सर्वांच्या मागे चालण्याचे काम मी शेवटच्या संघाच्या पंधरा वर्षांच्या संघनायकाला दिले.

अशा रांगेत एक अन्याय घडतो आणि तो पुढच्यांच्या लक्षातही येत नाही. पुढची मुले थांब्यावर लवकर पोचतात, पाणी पितात, दहा मिनिटे बसतात. मागची मुले धापा टाकीत येतात तोच पुढची म्हणतात, "आले सगळे, चला!" आणि उठतात. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी, त्याला ती सर्वांत अधिक मिळते. आणि ज्याचे पाय सुजले आहेत त्याला बसावयासही मिळत नाही. त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर हेच घडले. मी ते पाहिले नाही, कारण मी पुढच्यांत होतो.

शिखरावर जेवणे झाली. उतरताना सर्वांना हुरूप आला आणि आम्ही गाऊ लागलो. उपासनेतील गीते, शिबिरातील गीते, एकामागून एक, मोठ्याने. दरीतून प्रतिध्वनी येत होता आणि मला वाटले, परमेश्वराने आज केवढा सुंदर दिवस दिला! साडेचारच्या सुमारास एका ओढ्यावर पोचलो तेव्हा मी सहज मुले मोजली. तेवीस. पुन्हा मोजली. तेवीस. तिसऱ्या वेळी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजली. प्रियांनो, चोवीस आणि तेवीस यांत किती अंतर असते हे त्या ओढ्याच्या काठी मला समजले.

डिसेंबरअखेर दिवस लहान. सहाच्या आत सूर्य डोंगराआड जातो आणि थंडी हाडांत शिरते. मुलांना सहशिक्षकांजवळ बसवून, वाटाड्याला घेऊन मी उलट चढू लागलो. एक तास गेला. हाका मारून घसा बसला. अंधार पडता पडता वरून शिटी ऐकू आली. तीन वेळा, मग शांतता, पुन्हा तीन वेळा. दोन वाटा जेथे फुटतात तेथे सालाच्या बुंध्याला टेकून तो बसला होता. आणि तो एकटा नव्हता. आवळ्यांचे पोते घेऊन आपल्या गावाकडे निघालेला एक कोरकू म्हातारा त्याच्याजवळ बसून होता. स्वतःची घोंगडी त्याने मुलाच्या अंगावर घातली होती. त्या म्हाताऱ्याला घरी जावयाचे नव्हते काय? अंधार त्याच्यासाठीही पडत होता. तरी मुलाला सोडून तो उठला नाही. तो माझ्यावर रागावलाही नाही. त्याने एवढेच विचारले, "मास्टरजी, गिनती नहीं की थी?"

मी मुलाचे बूट काढून पाहिले. ते त्याच्या थोरल्या भावाचे होते. दोन नंबर मोठे, आणि पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. दोन्ही टाचांची कातडी निघाली होती.

"सकाळीच का सांगितलं नाहीस?" मी विचारले.

"सर, तुम्ही दिलेल्या यादीत 'चांगले बूट' असं लिहिलं होतं. नाहीत म्हणालो असतो तर तुम्ही मला आणलं नसतं."

"मग शिटी का वाजवली नाहीस?"

"खूप वाजवली, सर. तुम्ही सगळे गात होतात."

वाट चुकलीशी वाटली तर जागचे हलू नये, शिटी वाजवावी, वाट पाहावी. स्काउटची ही शिकवण त्या मुलाने तंतोतंत पाळली होती. शिकवणाऱ्यानेच आपला धडा पाळला नव्हता. आणि त्या म्हाताऱ्याचे नाव विचारण्याचेही मला सुचले नाही.

१. चाल कोणाची?

आता उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायाकडे या. याकोब वीस वर्षांनी आपल्या देशी परतत आहे. समोरून एसाव चारशे माणसांसह आला आहे. भावाभावांनी मिठी मारली, दोघेही रडले. मग एसाव म्हणतो की चल, आता आपण बरोबरच जाऊ. त्याचा हेतू चांगला आहे. परंतु त्याची चाल चारशे पुरुषांची चाल आहे. याकोब नम्रपणे त्याला नको म्हणतो. तो सांगतो की मुले कोवळी आहेत, माझी मेंढरे व गुरे पिलांना पाजणारी आहेत. त्यांना एकच दिवस दामटले तरी सारा कळप मरून जाईल. तुम्ही पुढे व्हा. मी या जनावरांना व या लेकरांना जसे झेपेल तसा हळूहळू येतो.

याकोबाला ही समज कोठून आली? जन्मापासून तर ती त्याच्याजवळ नव्हती. भावाची टाच धरून जन्मलेला, पुढे जाण्यासाठी भावाला व बापाला फसवणारा असा तो मनुष्य. याच अध्यायाच्या आरंभी त्याने कुटुंबाची रांग लावली ती पाहा. दासी व त्यांची मुले सर्वांत पुढे, मग लेआ व तिची मुले, आणि राहेल व योसेफ सर्वांत मागे. एसाव तलवार घेऊन आला असता तर ती आधी कोणावर पडावी हे त्याने आपल्या आवडीप्रमाणे ठरवले होते! परंतु त्याच रांगेच्या पुढे तो स्वतः चालत गेला, आणि तो लंगडत होता. आदल्या रात्री यब्बोक नदीच्या उताराजवळ त्याची देवाशी झोंबी झाली होती व त्याच्या जांघेचा सांधा निखळला होता. आयुष्यात प्रथमच याकोब सर्वांत हळू चालणारा झाला होता. ज्याचा स्वतःचा पाय दुखतो त्यालाच लेकरांची चाल कळते.

पवित्र शास्त्र आपल्या पूर्वजांचे दोष झाकीत नाही. एसावाकडे सेईरास येतो असे सांगून याकोब प्रत्यक्षात सुक्कोथास गेला, हेही त्याच अध्यायात लिहिले आहे. भावाविषयीची भीती त्याच्या मनातून पुरती गेली नसावी. तरी लेकरांच्या चालीविषयी तो जे बोलला ते खरे होते. आणि ती लेकरे जिवंत पोचली.

आपल्या मंडळ्यांचा विचार करा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवा येथे आपण मराठीत उपासना करीत आलो आहोत. परंतु आपली मुले शाळेत हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड किंवा इंग्रजी शिकतात. शब्बाथशाळेत शिक्षक सांगतात, "पुढचे वचन तू वाच." मूल अडखळते. जोडाक्षरापाशी थांबते. शेजारचे हसतात, आणि शिक्षक घाईने म्हणतात, "राहू दे, पुढच्याने वाचावे." पाठांतराच्या स्पर्धेत दरवर्षी त्याच तीन मुलांना बक्षीस मिळते. अडखळणारे मूल दोन-चार रविवार येते आणि मग येईनासे होते. आपण म्हणतो, त्याला देवाच्या गोष्टींची आवड नाही. बंधूंनो, त्याची जीभ अडखळत होती, विश्वास नव्हे. आपण चारशे पुरुषांच्या चालीने निघालो होतो.

त्या प्रसंगानंतर आमची दुसरी सहल झाली तेव्हा मी त्याच मुलाला रांगेत सर्वांच्या पुढे ठेवले. त्याच्यापुढे कोणी जावयाचे नाही, एवढाच नियम. चपळ मुलांनी आधी कुरकुर केली. त्या दिवशी आम्ही ठरल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा पोचलो. परंतु सर्व एकदम पोचलो. आणि वाटेत, सावकाश व गुपचूप चालल्यामुळे, मुलांनी झाडावर शेकरू पाहिले. तांबूस रंगाची, लांब शेपटीची ती मोठी खार एका फांदीवरून दुसरीवर गेली तेव्हा कुरकुरणारी मुलेच सर्वांत अधिक खूश झाली. हळू चालण्याने पुढच्यांचेही काही कमी होत नाही.

२. ओझे कोणाचे?

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दोन गोष्टी सांगतो. त्या प्रथम वाचताना एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. दुसऱ्या वचनात तो एकमेकांची ओझी वाहण्यास सांगतो, आणि पाचव्या वचनात म्हणतो की प्रत्येकाने आपला भार आपणच वाहिला पाहिजे. मूळ ग्रीक भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला बारोस, म्हणजे माणसाला दडपून टाकणारे वजन. दुसरा फॉर्तिऑन, म्हणजे ज्याचा त्याने उचलावयाचा भार, शिपायाच्या पाठीवरच्या सामानासारखा.

स्काउटच्या मुलाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आपली पाण्याची बाटली, आपले पांघरूण, आपला डबा ज्याने त्याने वाहावा. ते दुसऱ्याच्या गळ्यात घालणे हा आळस आहे. परंतु एखाद्याचा पाय मुरगळला की तीच पिशवी त्याच्यासाठी बारोस होते. मग तिच्यातील सामान काढून चार जणांच्या पिशव्यांत घालावयाचे, हा डोंगरातील साधा शिरस्ता आहे. वजन तेवढेच राहते. चौघांना ते जाणवतही नाही, आणि पाचवा चालू लागतो.

परंतु ओझे दिसले तर वाटून घेता येते. त्या मुलाचे ओझे पिशवीत नव्हते, बुटात होते. आणि ते लपवावयास त्याला माझ्याच यादीने भाग पाडले होते. मी "चांगले बूट" असे लिहिले. ज्याच्याजवळ ते नाहीत त्याने काय करावे, हे लिहिले नाही.

आपल्या मंडळीतही अशा याद्या असतात. काही तोंडी, काही तर न बोललेल्या. नाताळला नवे कपडे हवेत. स्नेहभोजनाची वर्गणी हवी. शब्बाथशाळेच्या सहलीचे पैसे हवेत. कार्यक्रमात मुलीला पांढरा पोशाख हवा. यातील एकही गोष्ट वाईट नाही. परंतु बापाची नोकरी गेली आहे, आई आजारी आहे, असे घर ती यादी ऐकते आणि गप्प बसते. त्या रविवारी "जरा बरे नव्हते" असा निरोप येतो. पुढच्या रविवारी तोही येत नाही. मग पंचांच्या बैठकीत कोणी तरी म्हणतो, ते कुटुंब विश्वासात थंड झाले आहे. थंड झाले आहे की त्याच्या टाचा सोलल्या आहेत, हे बूट काढून पाहिल्यावाचून कसे समजणार? माझ्या पथकाच्या यादीत नंतर मी एक ओळ वाढवली : ज्याच्याजवळ एखादी वस्तू नसेल त्याने सरांना एकट्यात सांगावे, व्यवस्था होईल. त्या वर्षी पाच मुले सांगावयास आली. त्याआधीही ती पाच मुले पथकात होतीच.

३. मोजणी कोणी केली?

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एक पायी प्रवास आहे आणि त्यातही बारा वर्षांचा मुलगा मागे राहिला आहे. वल्हांडणाचा सण आटोपून नासरेथची मंडळी यरुशलेमेहून परतत होती. आईबापांना वाटले की येशू सोबत्यांमध्ये असेल. "असेल" या समजुतीवर ती दोघे एक दिवसाची वाट चालून गेली! योसेफ व मरिया निष्काळजी होती काय? मुळीच नाही. सर्व आपलेच लोक, नातलग, ओळखीचे; म्हणूनच मोजले नाही. अनोळखी लोकांत आपण मूल हाताला धरून चालतो. ते हरवते ते आपल्या माणसांच्या गर्दीत. एक दिवस न मोजल्यामुळे त्यांना तिसऱ्या दिवसापर्यंत शोधीत फिरावे लागले.

याच शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात शंभर मेंढरांचा मेंढपाळ आहे. तो हरवलेल्या एकाला शोधावयास गेला, हे आपण मुलांना नेहमी शिकवतो. परंतु एक हरवले आहे हे त्याला कसे समजले, हा प्रश्न शब्बाथशाळेत विचारून पाहा. नव्व्याण्णव मेंढरे डोळ्यांना शंभरासारखीच दिसतात. त्याने मोजली, म्हणून त्याला समजले. शोधण्याची प्रीती मोजण्यापासून सुरू होते.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरवले. मुले सुमारे वीस. काही श्रीमंतांच्या शाळांतील, काही कामकऱ्यांच्या घरची. त्यांनी मुलांचे चार संघ केले व प्रत्येक संघावर एकेक नायक नेमला. त्यातील शहाणपण असे की एका माणसाची नजर वीस मुलांवर सारखी राहत नाही. परंतु एक थोरला मुलगा आपल्या चार-पाच सोबत्यांचे चेहरे ओळखू शकतो. इथ्रोने मोशेला दहा-दहांवर नायक नेमावयास सांगितले, त्यातलेच हे शहाणपण. तरीही मोजणीत चूक राहते. भारतात १९०९ मध्ये ही चळवळ सुरू झाली तेव्हा ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. या मातीतली मुले मोजणीतच नव्हती. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये, आणि त्यानंतर लवकरच पंडित मदनमोहन मालवीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांसाठी संघटना काढल्या. अशा वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. कोणाला मोजावयाचे हे ठरवण्यातच आपण कोणाला आपले म्हणतो ते उघड होते.

आणि ते गाणे! त्या मुलाचे शब्द मी अनेक वर्षे मनात बाळगून आहे : तुम्ही सगळे गात होतात. आमची गीते खोटी नव्हती. मी मनापासून देवाची स्तुती करीत होतो. परंतु माझ्या स्तुतीने एका लेकराची शिटी बुडवली. यरीहोच्या वाटेवरही असेच झाले. मोठा समुदाय प्रभूबरोबर चालला होता आणि आंधळा बार्तीमय वाटेच्या कडेने ओरडत होता. लोकांनी त्याला गप्प बसावयास सांगितले. ते प्रभूचे शत्रू नव्हते. प्रभूच्या मागे चालणारेच होते. परंतु येशू थांबला. एका भिकाऱ्याच्या हाकेसाठी त्याने सारी मिरवणूक थांबवली. आपली गायनमंडळी उत्तम असावी, सण थाटाचे व्हावेत, यात काही चूक नाही. परंतु मधूनमधून गाणे थांबवून कान देण्याची सवय आपल्या मंडळीला आहे काय?

दुसरा मुलगा

येथे मला आणखी एक कबुली द्यावयाची आहे. ती पहिलीपेक्षा जड आहे.

त्या रात्री छावणीत परतल्यावर मी सर्व मुलांसमोर त्या पंधरा वर्षांच्या संघनायकाला उभे केले आणि फार कठोर बोललो. मागे राहावयाचे काम तुझे होते, तू पुढे का आलास? त्याने मान खाली घातली. तो पुढे आला होता हे खरे. आम्ही पुढे गात होतो आणि त्याला एकटे मागे चालण्याचा कंटाळा आला होता. परंतु अनुभवी माणसाने करावयाचे काम पोराच्या गळ्यात घालून मी स्वतः पुढे मजेत चाललो होतो, हे मी त्या मुलांना सांगितले नाही. माझी लाज मी त्याच्या डोक्यावर ठेवली.

तो पुन्हा पथकात आला नाही. काही महिन्यांनी तरुण संघातही दिसेनासा झाला. मी त्याच्या घरी गेलो, परंतु फार उशिरा; तोवर ते कुटुंब दुसऱ्या शहरी निघून गेले होते. त्या दिवशी मी एक मुलगा डोंगरातून शोधून आणला, आणि दुसरा भर छावणीत हरवला. तो आजही माझ्या मोजणीत कमी आहे. मागे राहणाऱ्याला शोधताना आपण कोणाला मागे ढकलीत तर नाही ना, हेही पाहावे लागते.

सर्वांच्या मागे कोण?

इस्राएल लोक रानातून चालले तेव्हा त्यांच्यावर अमालेकाने हल्ला केला. कोठे केला? अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायात मोशे आठवण देतो : थकून भागून मागे रेंगाळणाऱ्यांवर. शत्रू सर्वांत बलवानाशी लढत नाही; तो शेवटच्याला गाठतो. म्हणून गणनेच्या दहाव्या अध्यायात छावणी निघण्याचा क्रम दिला आहे आणि दानाच्या वंशाला सर्व छावण्यांच्या पिछाडीस ठेवले आहे. ते काम मानाचे दिसत नाही. पुढे निशाण असते, मागे धूळ असते. परंतु मागे राहिलेले मूल, लंगडणारी म्हातारी, वाटेत पडलेली वस्तू, हे सारे दानाच्याच हाती लागत असे.

मंडळीत पुढे चालणारे पुष्कळ मिळतात. धूळ खात मागे चालणारे कोण आहेत? शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, ते काम तुमचे आहे. तुमच्या हजेरीपटावर ज्या नावापुढे लागोपाठ तीन रविवार गैरहजेरी आहे, त्या घरी या आठवड्यात जा. जाब विचारण्यासाठी जाऊ नका. जवळ बसा, पायांतले बूट पाहा, सोबत करा. पंचांनो, वडीलजनहो, तुमच्या यादीतील जी नावे कित्येक वर्षे कोणी उच्चारली नाहीत ती एकदा मोठ्याने वाचा. आणि ज्याला तुमच्या शब्दाने दुखावून मागे टाकले आहे असा कोणी आठवत असेल, तर उशीर झाला आहे असे म्हणून थांबू नका. माझ्यासारखा आणखी उशीर करू नका.

आता सांत्वनाची गोष्ट. यशयाच्या बावन्नाव्या अध्यायाच्या बाराव्या वचनात संदेष्टा सांगतो की परमेश्वर आपल्या लोकांच्या पुढे चालतो, आणि तोच त्यांच्या पाठीशी राहून पिछाडीही सांभाळतो. पुढे चालणारा देव आपल्याला ठाऊक आहे. परंतु तो सर्वांच्या मागेही चालतो. मी ज्याला मागे टाकले त्याच्या मागेही तो आहे. मला ज्याचा पत्ता ठाऊक नाही त्याचा पत्ता त्याला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी मी पोचण्याआधी त्या सालाच्या झाडाखाली कोणी तरी बसून होते; आणि मी विश्वास धरतो की त्या दुसऱ्या मुलाजवळही प्रभूने कोणाला तरी बसवले असेल.

स्काउटची मुले वाटेवर खुणा ठेवतात. बाण म्हणजे या वाटेने जा. फुली म्हणजे इकडे जाऊ नका. सर्वांत शेवटची खूण म्हणजे एक वर्तुळ व त्याच्या मध्यभागी ठिपका : मी घरी गेलो. बेडन-पॉवेल ८ जानेवारी १९४१ रोजी केनियात मरण पावले. न्येरी येथील त्यांच्या कबरेच्या दगडावर हीच खूण कोरलेली आहे. आपणही एके दिवशी घरी पोचू. तेथे आपण किती लवकर पोचलो हे आपला प्रभू विचारील असे मला वाटत नाही. त्याने कोरकू म्हाताऱ्याचाच प्रश्न विचारला तर आपण काय उत्तर देणार आहोत?

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी वाटेत थांबलास. आमची चाल हळू कर. आमच्या गाण्यात कान देण्याइतकी शांतता ठेव. आम्ही ज्यांना मागे टाकले त्यांच्याजवळ आम्ही पोचेपर्यंत तू बसून राहा. आणि आम्हांला उठवून त्यांच्याकडे परत पाठव. आमेन.